जंतूमावशीची टाकी

माझ्या मावशीला आम्ही भावंडं जंतूमावशी म्हणायचो. तिला त्याचा राग येत नसे. उलट कोणी नुसतं मावशी म्हटलं तर तिचं तोंड उतरायचं. ती सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात होती. गावभरच्या न्हाणीघरांतलं, स्वयंपाकघरांतलं, संडासांतलं पाणी तिच्याकडे यायचं आणि स्वच्छ होऊन तळ्यात जायचं. त्याच तळ्यात आम्ही पोरं उन्हाळाभर डुंबायचो. मधली सगळी मेहनत जंतूंची. उघड्या टाकीत खालून हवा खळखळत असायची, पाणी चहासारखं तपकिरी, आणि त्यात कोट्यवधी जंतू घाण फस्त करत असायचे. "माझी पोरं ही," मावशी म्हणायची. "पगार नाही, सुट्टी नाही, तक्रार नाही. नाहीतर तुम्ही!"

माझी आई तिची मोठी बहीण. आमच्या घरी मावशीला पुढच्या दाराने येणं नव्हतं. मागच्या दाराने यायचं, सरळ न्हाणीघरात जायचं, "आधी अंघोळ, मग चहा" हा आईचा कायदा. बिचारी केंद्रावरून अंघोळ करूनच निघायची, तरी पुन्हा. शेजारणींनी विचारलं की आई सांगायची, "ती पाणी खात्यात असते." माझं डोकंच फिरायचं. मावशी मात्र हसून सोडून द्यायची, किंवा मला तसं वाटायचं.

मग आईचं ऑपरेशन झालं. जखम भरली, पण त्या जंतुनाशक गोळ्यांनी पोटाची पार वाट लागली. खाल्लेलं अंगी लागेना. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "अहो, औषधाने वाईट जंतूंबरोबर चांगलेही मेले. पोट त्यांच्याच जिवावर चालतं. साधं जेवा, ताजं दही खा आणि धीर धरा. पुन्हा वस्ती करतील ते." आईने घरी येऊन दह्याची वाटी संपवली. मग तिने मावशीला फोन लावला.

"काय गं, इतकी वर्षं तू हेच सांगत होतीस का?"

"हेच की!"

"मग मला बघायचीय तुझी टाकी. रविवारी येते."

मावशीला आकाश ठेंगणं झालं. ताई येणार! आणि आनंदात माणसाची अक्कल कशी गहाण पडते बघा. जिने आयुष्यभर लोकांना "नाल्यात ब्लीचिंग ओतू नका" म्हणून दटावलं, तिनेच ताईच्या नाकाला वास लागू नये म्हणून पायऱ्या, कट्टे, पाण्याचे चर, सगळं ब्लीचिंग पावडरीने घासून काढलं. गोणीच्या गोणी रिकामी केली आणि वर पाइपाने धुऊन टाकलं. ते पाणी कुठे जाणार? उताराने सरळ टाकीत.

दुसऱ्या दिवशी टाकी राखाडी झाली होती. वर पांढरा फेस. चांगल्या टाकीला नुकत्याच खणलेल्या मातीचा वास असतो. हिला सडका वास येत होता. मावशीने एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. टाकी ठणठणीत असली की त्यात देठावरच्या इवल्या घंटांसारखे जीव उघडमीट करताना दिसायचे. आज एकही हलत नव्हता.

तिने स्वतःच केंद्राच्या साहेबांना सांगितलं. साहेबांनी तळ्यात पाणी सोडायचं दार बंद केलं आणि गावाचं पाणी राखीव हौदात वळवलं. हौद रविवारपर्यंत पुरणार होता. मग टाकी जगो न जगो, दार उघडावंच लागणार, आणि सगळी घाण तळ्यात, पोरांच्या नाकातोंडात.

शेजारच्या गावच्या केंद्रावर एक मिशीवाले होते. कोणाची टाकी चांगली, यावरून मावशीचं नि त्यांचं वाजलं होतं, बोलणं बंद होतं. मावशीने नाक मुठीत धरून फोन केला. "मिशीवाले, माझी पोरं गेली हो." ते टोमणा मारतील असं तिला वाटलं होतं. ते स्वतः टँकर चालवत आले, जिवंत जंतूंच्या गाळाने भरलेला. "विरजण आणलंय," म्हणाले. "कुठे ओतू?"

तोवर मावशीने हवा सोडून सोडून ब्लीचिंगचा जोर उतरवला होता. गाळ ओतला आणि हौदातलं पाणी थोडं थोडं सोडू लागली, आजारी माणसाला भरवावं तसं. मग तिने आईला फोन केला. "ताई, येऊ नकोस. टाकी मेलीय. मीच मारली."

"तू? कशी काय?"

"तुला वास येऊ नये म्हणून."

"मी येणार म्हणजे येणारच," आई म्हणाली आणि तिने पदराने डोळे पुसले.

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा हौद काठोकाठ भरला होता. मावशीने टाकीतलं पाणी उंच काचेच्या भांड्यात भरून पायरीवर ठेवलं. जंतू धडधाकट असले की गोळे धरून तळाला जातात, म्हणजे गाळ खाली बसला तर टाकी जगली. नाही बसला तर संपलं. आदल्या दिवशीपर्यंत ते नुसतं गढूळ राहत होतं. आई नाकाला पदर न लावता भांड्यासमोर बसली. हळूहळू तपकिरी गोळे जमले, खाली उतरू लागले, आणि वर पाण्याची एक पट्टी दिसली, नितळ, मागे उभ्या मिशीवाल्यांच्या मिशा दिसाव्यात इतकी!

"बसला! ताई, गाळ बसला!" मावशी ओरडली. तिने आईला ओढत सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. आईने डोळा लावला. "अगं बाई," ती म्हणाली, "उघडमीट करतायत की गं!" साहेबांनी दार उघडलं, पाणी तळ्याकडे धावलं. मिशीवाल्यांनी शिट्टी मारली आणि मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठीच मारली.

आई मावशीला घेऊनच घरी निघाली. मावशी सवयीने मागच्या दाराकडे वळली. "तिकडे कुलूप आहे," आई म्हणाली. समोरच्या ओट्यावर शेजारणी बसल्या होत्या. आईने मावशीचा हात धरला आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ही माझी बहीण. गावाचं सांडपाणी हीच साफ करते."

मावशी गाळाने माखलेल्या बुटांनिशी उंबऱ्यावर घुटमळली. "ताई, अंघोळ राहिलीय."

"हात धू आणि ये," आई म्हणाली. "आधी चहा."