सगळ्यांचा नंबर एकच

सोमवार, ४ ऑगस्ट. काम एकच होतं. दादाच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरमधून कोडोलीच्या महादेव पाटलांचं काही वर्षांपूर्वीचं इन्कम टॅक्स रिटर्न उघडायचं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ विलास, जूनमध्ये गेला. राजारामपुरीत त्याचं कर सल्लागाराचं ऑफिस, आणि दोन गल्ल्या सोडून माझं औषधांचं दुकान. बातमी आली तेव्हा मी गिऱ्हाइकाला इन्सुलिनचं पेन कसं धरायचं ते दाखवत होते. वहिनीचा फोन आला, "हे खुर्चीतून उठंनात." मी पेन खाली ठेवलं आणि पळत गेले. ते उठण्यातलं नव्हतंच.

पुढचे विधी झाले, माणसं येऊन गेली. मला वाटलं, ऑफिसला कुलूप लावायचं, जागा मालकाला परत द्यायची, संपलं. तेवढ्यात महादेव पाटील आले. साठीचे, दोन म्हशी आणि थोडा ऊस असलेले. हातात पोस्टानं आलेली नोटीस. जमीन विकलीत, त्यावर कर का भरला नाही, उत्तर द्या. मुदत त्याच आठवड्यात संपत होती. "ताई, चार दिस घास उतरंना. जेलात घालतील काय?" मी म्हटलं, "जेलात घालायला तुम्ही काय कारखाना बुडवलाय?" ते हसले नाहीत. पुढचा प्रश्न त्यांनी खाली बघत विचारला. "विलासराव चुकलं तर नसतील न्हवं?"

मला नेमकी तीच भीती होती. दादा चुकला असेल तर ते त्याला विचारता येणार नव्हतं, आणि निस्तरणार होते हे पाटील. उत्तर लिहून द्यायला माझ्या ओळखीच्या एक सीए बाई तयार होत्या, पण त्या म्हणाल्या, रिटर्नमध्ये नुसता आकडा दिसतो, तो कशावरून आला ती कामाची पानं आणा. ती पानं एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होती. ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. फाईल पेनड्राइव्हवर घेऊन माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर लावली तर पडद्यावर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. जुन्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर सुरू व्हायचं, आणि 'मुदत संपली' असं म्हणून लगेच मिटायचं. चार वेळा केलं. चारही वेळा मिटलं.

दादा हे कसं चालवत होता? मग एकदा त्याला डबा द्यायला गेले होते ते आठवलं. सकाळी आल्याआल्या, उदबत्ती लावायच्याही आधी, तो कॉम्प्युटरची तारीख मागे नेत बसला होता. मी विचारलं, हे काय? म्हणाला, "सुमे, हे सॉफ्टवेअर मेलंय. पण त्याला अजून कुणी सांगितलेलं न्हाय. आपण तरी कशाला सांगायचं?" मी म्हटलं, ही चोरी आहे. तो म्हणाला, "कंपनीच गायब हाय. पैसे द्यायला गेलो तर घेणारा कुठाय?"

मी तारीख मागे नेली. चांगली सहा वर्षं. सॉफ्टवेअर उघडलं, यादी आली, पाटलांचं नाव आलं... आणि मी माउसवरचा हात काढून घेतला. दुकानात लोकांचे रिपोर्ट मी रोज वाचते, साखर किती, क्रिएटिनिन किती, तोंडावर सांगते. इथे एक क्लिक होईना. ऑफिसात पंखा फिरत होता, खाली रिक्षावाले भांडत होते, आणि मला वाटत होतं की हे उघडलं तर माझा भाऊ दुसऱ्यांदा जाईल.

उघडलं. विक्री लिहिलेली होती. जमीन शेतीची, शहराच्या हद्दीपासून इतकी लांब, म्हणून करपात्र नाही. सोबत तलाठ्याचा दाखला, सातबारा, सगळं जोडलेलं. दादा चुकला नव्हता. मी पानं छापली, पाटलांना फोन केला. पलीकडून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "जेवा आता."

इथे संपायला हवं होतं. पण उत्तर पाठवायला ओटीपी लागतो, आणि तो जाणार होता दादाच्या मोबाइलवर. सीए बाईंनी फोनवर विचारलं, "पाटलांच्या इन्कम टॅक्सच्या खात्याला तुमच्या भावाचा नंबर का आहे?" मी वहिनीकडून त्याचा बंद ठेवलेला मोबाइल आणला, चार्जिंगला लावला, सुरू केला. ओटीपी आला, बाईंना सांगितला, पाटलांचं उत्तर गेलं. पण मोबाइल थरथरायला लागला तो थांबेना. मेसेजवर मेसेज. नोटीस निघाली आहे. उत्तराची मुदत संपत आहे. नावं वेगवेगळी: आमचा दूधवाला, शाळेतल्या बाई, नृसिंहवाडीचे पेढेवाले. दादानं सगळ्यांच्या खात्याला स्वतःचाच नंबर लावला होता. त्यातल्या एकालाही काही कळलेलं नव्हतं. पाटलांचं पाकीट पोस्टानं आलं म्हणून निदान ते माझ्यापर्यंत पोचले.

लोकांचे मेसेज तुझ्या मोबाइलवर कशाला, असं मी त्याला पूर्वी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला होता, "सरकारचा मेसेज आला की ही माणसं रात्रभर झोपत न्हाईत गं. मला आला तर मी सकाळी बघतो." तेव्हा मला ती त्याची ऐट वाटली होती. आता ते थरथरणारं यंत्र हातात धरून मी खुर्चीत बसले. त्याच खुर्चीत. वहिनी म्हणते, तो अलीकडे ताटावर बसून मोबाइल उलटा ठेवायचा. त्या ताणानं त्याचं काय झालं, मला ठाऊक नाही. औषधं विकते म्हणून मी डॉक्टर होत नाही. मीही मोबाइल उलटा ठेवला, मग परत सुलटा केला. शेवटचा मेसेज मोबाइल कंपनीचा होता. रिचार्ज संपला, उद्यापासून इनकमिंग बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिचार्जचं दुकान उघडायच्या आत मी पायरीवर उभी होते. दुकानदार म्हणाला, "वर्षाचा मारा ताई, स्वस्त पडतो." मी म्हटलं, महिन्याचाच मार. मग ऑफिसात येऊन ज्याची मुदत सगळ्यात जवळ, त्या दूधवाल्याला फोन लावला. "विलासरावांची बहीण बोलते. तुम्हाला नोटीस आली आहे. आज या, आणि तुमचा स्वतःचा मोबाइल घेऊन या."

तो घाबरला. त्याच्या श्वासावरून कळलं. काही भ्यायचं कारण नाही, असं मी म्हटलं नाही. दुपारी दोनची वेळ दिली आणि यादीतलं दुसरं नाव काढलं.