शिट्टी वाजेपर्यंत

आमच्या शेजारच्या नॉर्वेजियन काकांइतका हट्टी माणूस कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या थंडीनेसुद्धा पाहिला नसेल. साठी उलटली, उजवा गुडघा कामातून गेला, तरी बर्फ शोव्हल करताना कुणी मदतीला गेलं तर फावडं आडवं धरून वाट अडवतात. तरुणपणी ते त्यांच्या देशात मिडफिल्डर होते, म्हणजे मैदानाच्या मधोमध राहून एकाकडून चेंडू घ्यायचा आणि दुसऱ्याला द्यायचा. मासेमारीच्या गावातला पोरगा गावच्याच क्लबात वाढला, क्लबाबरोबर वरच्या विभागात चढला आणि क्लबाबरोबरच खाली उतरला. मोठ्या शहरांतून बोलावणी आली, ती "इथला वारा मला कळतो" एवढ्या कारणावर परत पाठवली. घ्यायचं आणि पुढे द्यायचं, हा धंदा अजून सुटलेला नाही. ग्रोसरीच्या रांगेतही सतत मान वळवून मागे कोण आहे ते पाहतात, आणि हातात आलेली वस्तू त्यांच्याकडे क्षणभर टिकत नाही. गणपतीत माझ्या बायकोने मोदकांचं ताट त्यांच्या हातात दिलं, तर ते बघता बघता हॉलभर फिरून रिकामं परत आलं. "काका, तुम्ही एकही घेतला नाही?" ती हळहळली. "पास मात्र छान गेला," ते समाधानाने म्हणाले.

आमच्या मराठी मंडळाच्या फुटबॉल टीमचे ते आपसूक कोच झाले. टीम कसली, क्रिकेटवर पोसलेले आम्ही सॉफ्टवेअरवाले. चेंडू जाईल तिकडे सगळेच्या सगळे धावायचो. "आधी बघा, मग पळा!" असं ओरडून काकांचा घसा बसायचा. एकदा मी सहज विचारलं, "खेळणं कधी सोडलंत?" त्यांचा चेहराच बदलला. "सोडलं नाही. शेवटच्या मॅचमध्ये मध्यंतरानंतर लगेच गुडघा गेला आणि मला स्ट्रेचरवरून बाहेर नेलं. तो हाफ खेळायचा राहिलाय." मग यंदाच्या हिवाळ्यात गुडघा बदलायचं ठरलं. डॉक्टरांनी बजावलं की त्यानंतर फुटबॉलचं नाव काढायचं नाही. काकांनी त्यातलं फक्त 'त्यानंतर' ऐकलं. "मग आधी खेळतो," ते म्हणाले, "सप्टेंबरच्या मॅचचा दुसरा हाफ. पूर्ण." त्यांच्या बायकोनेही हात टेकले.

मॅच हॉस्पिटलवाल्यांच्या टीमशी होती. मध्यंतरानंतर काका उतरले. पळणं त्यांना शक्यच नव्हतं, पण चेंडू जिथे येणार तिथे हा माणूस आधीच उभा! त्यांनी दिलेले सुरेख पास आम्ही इमानेइतबारे वाया घालवत होतो. इकडे आमच्या अध्यक्षांना भलतंच सुचलं. लोक पांगायच्या आत काकांचा सत्कार उरकून घ्यावा म्हणून ते शाल-श्रीफळ घेऊन चालू मॅचमध्ये थेट रेषेवर येऊन उभे राहिले. "काका, प्लीज कम! दोन मिनिटांचा प्रोग्रॅम आहे, मग लोक निघून जातील!" समुद्रावरच्या वाऱ्याने शाल त्यांच्याच तोंडावर गुंडाळली जात होती. काकांना वाटलं, आपल्याला बाहेर काढतायत. तोवर ते चांगलेच लंगडत होते. "नो! शिट्टी वाजेपर्यंत नाही!" ते असे गरजले की रेफरीनेही दचकून पाहिलं आणि अध्यक्षांना नारळासकट मागे पाठवलं.

शेवटची शिट्टी वाजली तेव्हा आम्ही सणसणीत हरलो होतो. काका मधोमध उभे होते, गुडघा सुजून टम्म झालेला. आम्ही दोघे-तिघे आधार द्यायला धावलो.

"हात लावू नका," ते हळूच म्हणाले. "मागच्या वेळी उचलून नेलं होतं."

मग ते चालू लागले. एकेक पाऊल टाकायचे, थांबायचे, दात आवळून पुढचं टाकायचे. मैदान एवढं मोठं असतं हे मला त्या दिवशी कळलं. मला तर रडूच येत होतं आणि ते लपवावंसंही वाटलं नाही. रेषा ओलांडल्यावर काका गवतावर बसले, बूट काढले आणि गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाले, "आता बदलू द्या खुशाल."