सांगितलेल्या खोडी

राळेगाव तालुक्यात माझ्या सासऱ्यांइतका खरं बोलणारा माणूस नाही, आणि त्यांनी खरं बोलून जितकी माणसं बुचकळ्यात पाडली तितकी एखाद्या लबाडानेही पाडली नसतील. आयुष्यभर त्यांनी कापूस पिकवला आणि बैलांची खरेदी-विक्री केली. बैल विकताना त्याची खोड आधी सांगायची, हा बाजाराचा जुना रिवाज. इतर लोक तो चहा पिता पिता उरकतात. सासरे मात्र पोथी वाचावी तसे सावकाश सांगत. "हा पान्यात बसते, अन् डाव्या अंगाले कोनी गेलं तं लाथ मारते," हे ऐकून गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरके. बैलांपुरतं ठीक होतं, पण मी मुलगी पाहायला गेलो तेव्हाही त्यांनी मला पोह्यांची बशी खाली ठेवायला लावली आणि म्हणाले, "पोरगी तापट हाये. मंग म्हणू नका का सांगतलं नाई." लग्नानंतर दोन वर्षं मी तो ताप शोधत होतो. तिसऱ्या वर्षी सापडला, पण तक्रार करायला तोंड नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी पंधरा वर्षं वापरलेली चारचाकी गाडी विकली. "तिच्यात आता दम नाई राह्यला," एवढंच कारण दिलं. घेणारा आर्णीकडच्या एका तांड्यावरचा तरुण शेतकरी होता. सासऱ्यांनी अंगणात उभ्यानेच वहीच्या पानावरून खोडी वाचून दाखवल्या: दिवे मंद आहेत, हॉर्नचा आवाज बसलाय, क्लच दगडासारखा जड आहे. त्याने मान डोलावली आणि गाडी घेऊन गेला.

आठ दिवसांत त्याचा फोन आलाच. गाडी विकली की तक्रारी येणार हे मी धरून होतो, पण अशी तक्रार मी जन्मात ऐकली नव्हती. "काका, तुमी दिवे मंद सांगतले. थे तं पार धुऱ्यावरलं झाड दाखोते. क्लच लोण्यावानी हाये. मंग तुमी लपोलं काय?"

त्याचंही चुकलं नव्हतं. बारक्या खोडी स्वतःहून सांगणारा मोठी खोड लपवतो, हे बाजारात कुणीही सांगेल. त्याने मेकॅनिककडून गाडी दोनदा तपासून घेतली आणि काहीच निघालं नाही म्हणून तो जास्तच घाबरला. शेवटी म्हणाला, गाडी परत घ्या. गाडी परत येण्याचं सासऱ्यांना काही नव्हतं. पण सत्तर वर्षांत त्यांना कुणी लपवणारा म्हटलं नव्हतं. चार दिवस ते अर्ध्या भाकरीवरून उठत होते, आणि खरं सांगतो, मला ते बघवत नव्हतं.

रविवारी ते म्हणाले, "चाला जवाईबापू, त्याले खोडी दाखवून येऊ." माझ्या गाडीने आम्ही तांड्यावर पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. त्या तरुणाने गाडीचे दिवे लावले. समोरचं तुरीचं वावर टोकापर्यंत उजळलं.

"पाह्य," सासरे म्हणाले, "हायेत का नाई मंद?"

मग त्याने हॉर्न दाबला. ओट्यावर पेंगणाऱ्या कोंबड्या ओरडत उडाल्या. सासरे कानामागे हात धरून उभे होते. "बसला हाये ना आवाज?" क्लच दाबून दाखवताना त्यांनी गुडघा दोन्ही हातांनी धरला.

मी त्या तरुणाकडे पाहिलं. त्याला माझ्याआधीच कळलं होतं. त्याने बोनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "हो काका. मंदच हायेत. माह्याच ध्यानात नाई आलं. आता नाई द्यायची गाडी वापस."

सासऱ्यांनी त्याच्या घरी दोन भाकरी खाल्ल्या, वर चहा घेतला.

परतताना ते खुशीत होते. अर्ध्या रस्त्यात वाकून समोर बघत राहिले आणि काळजीने म्हणाले, "जवाईबापू, तुमच्या गाडीचेबी दिवे मंद झाले. विकान तवा सांगून द्यान."

माझी गाडी गेल्या दसऱ्याला घेतलेली. मी "सांगीन" म्हणालो आणि गाडी जरा हळू केली.