भिंत चाखली तेव्हा

“साहेब, भित पीठ टाकून राह्यली! बारा दिवसांवर साक्षगंध हाय. तुमी आधी या.”

फोनवर सुधाकर पेंटर होता. साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. मी गाडीला किक मारली.

मी रंगाच्या कंपनीत टेक्निकल ऑफिसर आहे. कोणत्या घराला कोणता रंग चालेल ते सांगायचं आणि तक्रार आली की कारण शोधायचं, ही माझी नोकरी. आमचा बुलडाणा जिल्हा दुमजली आहे. वर घाटावरचे, खाली घाटाखालचे. मी दुसरबीडकडचा, म्हणजे वरच्या मजल्यावरचा. घाटाखाली, शेगावच्या बाजूला बदली होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. तेवढ्यात मी दिनकरभाऊंच्या नव्या घराला बाहेरचा रंग निवडून दिला होता. मोठ्या ऐटीत.

निवडताना मी उन्हाचा विचार केला. इथलं ऊन भिंतीला भाजून काढतं, प्लास्टरला बारीक चिरा पाडतं. म्हणून जाड, रबरासारखा ताणणारा, थेंबभर पाणी आरपार जाऊ न देणारा रंग दिला. कंपनीतला सगळ्यात भारी. शेड दिनकरभाऊंच्या लेकीने, पूजाने मोबाइलवर पाहून ठरवली होती, गडद निळी. साक्षगंध तिचंच होतं.

पोचलो तर त्या निळ्यावर पांढरे नकाशे उमटले होते. हात लावला की पूड हाताला येई. कुठे कुठे फुगे धरले होते आणि नखाने उचकटलं की रंगाचा पापुद्रा सुटून येत होता. रंग देऊन महिनाही झाला नव्हता.

दिनकरभाऊ ओट्यावर बसले होते. ते चिडले नव्हते, हेच जास्त अवघड होतं.

“पाहुणे म्हणतीन, पोरीच्या बापानं आपल्याले चुना लावाच्या आधी भितीले लावला.”

सुधाकर पुढे आला. “साहेब, वीस वर्सं झाले ब्रश हातात हाय. डब्यावर जसं लिहेल हाय तसंच केलं म्या. स्वच्छ पाणी, अन् मोजून तेवढंच.”

इतक्यात मॅनेजर साहेबांचा फोन. त्यांचा आवाज असा की स्पीकर लागत नाही.

“ॲप्लिकेशन फॉल्ट लिहा आणि मोकळे व्हा. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट पाठवा.”

ॲप्लिकेशन फॉल्ट म्हणजे रंग चांगला, लावणारा वाईट. हा शिक्का एकदा बसला की दुकानदार त्या पेंटरचं नाव कुणाला सांगत नाही, आणि अशी बातमी गावोगाव जायला दोन दिवस पुरतात. सुधाकरने सगळं ऐकलं होतं. तो ब्रशचे केस सरळ करत उभा राहिला. मला फार वाईट वाटलं.

मी घर पिंजून काढलं. स्लॅब गळत नव्हता. पाइप फुटलेला नव्हता. बाथरूम दुसऱ्या टोकाला. दुपार झाली तरी कारण काही सापडेना.

“आधी जेऊन घ्या,” शोभावहिनी दारातून म्हणाल्या. दिनकरभाऊंच्या या मंडळींसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. आम्ही तिघे पानावर बसलो.

“वहिनी, डाळ काय शिजली! नुसतं लोणी.”

“बोअरचं पाणी टाकलं असतं त गोटे खाल्ले असते तुमी,” त्या हसून म्हणाल्या. “त्या पाण्यात डाळ शिजतच नाई. डाळीचं पाणी येगळं. नळाचं, गोडं.”

माझा घास हातातच राहिला.

“अन् घर कोणत्या पाण्यानं बांधलं?”

“बोअरच्याच,” दिनकरभाऊ म्हणाले. “नळ येते आठ दिवसातून एकडाव. त्याच्यानं काय घर होते?”

मी हात धुऊन बाहेर धावलो. भिंतीवरची चिमूटभर पूड जिभेवर टेकवली. खारट! नेमका तेव्हाच मॅनेजर साहेबांचा फोन.

“काय चाललंय?”

“सर, भिंत चाखतोय.”

पलीकडून फोनच कट झाला.

हा सगळा खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारं. विटा, प्लास्टर, सगळं हेच पाणी प्यायलं होतं. पाणी सुकत जातं तसं मीठ बाहेरच्या बाजूला सरकतं. त्याला आमच्या धंद्यात खार फुटणं म्हणतात. मी निवडलेल्या जाड रंगाने त्याचा रस्ताच बंद केला होता, म्हणून ते रंग फोडून बाहेर आलं. त्यात रंग पातळ करायलाही बोअरचंच पाणी. पण सुधाकरचं काय चुकलं? डब्यावर लिहिलं होतं ‘स्वच्छ पाणी’. बोअरचं पाणी काचेसारखं स्वच्छच होतं. घाटावर आम्ही पाण्याला फक्त पाणी म्हणतो. घाटाखाली आधी विचारावं लागतं, गोडं की खारं?

“सुधाकरभाऊ, चूक माही हाय,” मी म्हणालो. “म्या ऊन पाह्यलं, पाणी पाह्यलं नाई.”

तो आधी बघतच राहिला. मग असा खदखदून हसला की वहिनी बाहेर आल्या.

मग काम सुरू झालं. सुटलेला रंग खरवडला. खार कोरड्या ब्रशने झाडला, थांबलो, पुन्हा झाडला. भिंत धुवायची नाही, नाहीतर मीठ विरघळून परत आत जातं. नंतर खाराला तोंड देणारा प्रायमर, आणि त्यावर भिंतीची वाफ बाहेर जाऊ देणारा साधा रंग. शेड फिकट मोतिया. त्याने खोल्या कमी तापतात, आणि पुढे थोडा खार फुटला तरी चटकन दिसत नाही. फुटेलच थोडा, हेही मी सांगून टाकलं. खाली चिखल उडतो तिथे गडद पट्टा.

पूजा जरा हिरमुसली. “मोबाइलमधलं निळं घर समुद्राजवळ होतं,” ती म्हणाली. मग स्वतःच हसली. “आपल्याइथं समुद्र नाई, मीठ तेवढं आलं!”

खरी लढाई रंग कालवताना झाली.

“माह्या डाळीचं पाणी भितीले?” शोभावहिनी टाकीसमोर उभ्या राहिल्या.

“वहिनी, भितीलेबी यंदा गोडं लागते,” सुधाकर म्हणाला.

त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि बाजूला झाल्या. “घ्या. पण सांडू नोका!”

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: निवड चुकली, निवडणारा मी. मॅनेजर साहेब करवादले, पण नवे डबे पाठवले. डब्यावर ‘गोडं पाणी’ छापा, असंही मी कळवलं होतं. त्यावर अजून विचार चालू आहे.

साक्षगंधाला मला बोलावणं होतं. सकाळच्या उन्हात मोतिया घर नव्या नवरीइतकंच खुललं होतं. नवऱ्या मुलाचे काका भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, “पेंटर कोण हाय हो? आमचंबी घर काढाचं हाय रंगाले.” दिनकरभाऊंनी सुधाकरला हाताला धरून पुढे ओढलं. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

सुधाकर आता प्रत्येक डब्याच्या झाकणावर स्वतःच ब्रशने लिहितो, ‘गोडं पाणी’. आणि मी नव्या घराचा रंग निवडायला गेलो की भिंतीआधी स्वयंपाकघराच्या दाराशी जातो आणि विचारतो, “वहिनी, डाळ कोणत्या पाण्यात शिजवता?” काही जणी उत्तर न देता ताटच वाढतात. तपासणीची ती पद्धत मला जास्त खात्रीची वाटते.