चंद्रभागेचा काढा

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही — देवापुढेसुद्धा नाही. तिथे मी भलतंच काही मागत राहिले.

नरडाण्यात मला सुंठवाली अक्का म्हणत. सर्दी असो, अजीर्ण असो, बाळंतिणीचा वात असो — माझं उत्तर एकच, सुंठ. गुण यायचा, नाही असं नाही. आणि चार माणसांना गुण आला की देणारीच्या डोक्यात काय शिरतं, हे का तुम्हाला सांगायला हवं?

माझी धाकटी जाऊ चंद्रभागा पोटदुखीने हैराण होती. रोज सकाळी उपाशीपोटी मी तिला काढा द्यायचे — दाट, घशाला झोंबणारा. एकदा तिने भांडं बाजूला सारलं. "अक्का, आते नको. पोटमा आग व्हई ऱ्हायनी."

"आग व्हस म्हणजे गुण ई ऱ्हायना," मी म्हटलं.

शौचाला डांबरासारखं काळं होतंय, हेही तिने लाजत सांगितलं होतं. मी काय केलं? सुंठ वाढवली. थांबले असते तर माझं चुकलं असं झालं असतं ना — तेही धाकट्या जावेपुढे!

मग एका दुपारी तिला रक्ताची उलटी झाली. धुळ्याहून डॉक्टर आले तोवर ती पांढरीफटक पडली होती. पोटात काय गेलं, त्यांनी विचारलं. तिची आई उशाशीच बसली होती. आदल्या दिवशी तिने लेकीसाठी हिरव्या मिरच्या घातलेलं वांग्याचं भरीत आणलं होतं. चंद्रभागेने जेमतेम घासभर खाल्लं असेल. मी म्हणाले — भरीत खाल्लं काल.

एवढंच. खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त वाईट. डॉक्टर म्हणाले, पोटात जखम असणार, अशा पोटाला तिखट, उष्ण काहीच सोसत नाही. काढ्याचं भांडं मी पदराआड धरून घासायला नेलं.

चंद्रभागा संध्याकाळी गेली.

तिची आई पुढे पुष्कळ वर्षं जगली. कुठे वांगं भाजल्याचा वास आला की उठून जायची. "मन्ही पोर मीच खादी," म्हणून रडायची, आणि तिच्या पाठीवरून हात कोण फिरवायचं? मी.

यंदा तीही गेली. शेवटी माझा हात धरून म्हणाली, "अक्का, तू व्हती म्हनीसन मी जगनू."

मी तिला पाणी पाजलं.