डोमाजीचे कान

"हे मडकं तुमी वाजवून घेतलं? माह्या तोंडावर काऊन खोटं बोलून राह्यले?"

बयनाबाईने मडकं आपटलं नाही. तिने ते नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं. बुडाच्या चिरेतून पाणी डोमाजीच्या धोतरावर झिरपू लागलं.

"वाजवलं ना. चांगलं खणखणीत वाजलं."

"बद वाजते ते! तीन घरं पल्याड आयकू जाते."

"एका मडक्यासाठी एवढं काऊन भांडतं, माय?" फकिरा जेवता जेवता म्हणाला.

"मडक्यासाठी नाही रे. तुह्यासाठी."

निजामाच्या राज्यात, आदिलाबादच्या बाजाराखालून तळ्याचं जादा पाणी नाल्यात सोडायला भुयार खोदत होते. डोमाजी तिथला मुकादम. रोज सकाळी तो एकटा आत जायचा आणि सब्बलीने, म्हणजे लोखंडी पहारीने, छत ठोकत पुढे सरकायचा. आवाज खणखणीत आला तर दगड एकसंध. बद आला तर वर फट. तिथे आधी लाकडाचा टेकू, मग खोदकाम. त्याने "पक्कं" म्हटल्याशिवाय बारा माणसांपैकी एकही आत पाऊल टाकत नसे. या कानांमुळे गावच्या पंगतीत त्याला वरचा पाट मिळे. घरात मात्र बायकोने काही सांगितलं तर त्याच कानांना एकदाही ऐकू गेलं नव्हतं.

सब्बलीने दिवसाला वीतभर काम होई. हैदराबादहून नवा मोहतमीम, म्हणजे बांधकामाचा वरचा साहेब, आला आणि म्हणाला, सुरुंग लावा, दिवसाला दोन हात सरका. ओव्हरसियर सुधाकरराव जरा घाबरले. वर दुकानं होती, तेल्याचा घाणा होता.

"डोमाजी, धोका किती ते तूच सांग," ते म्हणाले. "तू छत पक्कं म्हणालास की मी कागदावर तसं लिहितो."

महिनाभर रोज दोन बार उडाले. वात फकिरा पेटवायचा. बार उडताना डोमाजी भुयाराच्या तोंडाशी उभा राहायचा, धूर निवळला की छत ठोकून "पक्कं" म्हणायचा आणि त्या शब्दावर सगळ्यांआधी फकिरा आत शिरायचा. परवा तेल्याच्या घाण्याची भिंत वरपासून खालपर्यंत चिरली. तरी डोमाजी म्हणाला, पक्कं. सुधाकररावांनी लिहून घेतलं. उद्यापासून ऐन बाजाराच्या खाली मोठे बार लागायचे होते.

बयनाबाईने चुलीजवळचं जुनं मडकं उचललं, फुटकंही घेतलं आणि ती डोमाजीच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. दोन्ही तिने खाली ठेवून एकामागून एक बोटाच्या पेराने वाजवली.

"पहिलं फुटकं का दुसरं?" ती ओरडून म्हणाली.

"पहिलं."

फकिराच्या हातातला घास ताटात पडला. दुसरं फुटकं होतं.

"कवापासून?" बयनाबाई समोर आली.

"पहिल्या बारापासून. नुसतं घुमते. सांगितलं असतं तर मुकादमी गेली असती."

"आन् हा गेला असता तर? बारा घरच्या बाया दारात येऊन बसल्या असत्या, त्याहीले कोणता कागद दाखवणार होते? महिनाभर अंदाजानं पक्कं म्हणत होते? मानाचा पाट पाह्यजे तुमाले, पाट!"

डोमाजीने मागे वळून फुटकं मडकं उचललं. ते कानाशी धरून वाजवून पाहिलं.

"दुसरा कोणी वाजवंल छत," फकिरा हळूच म्हणाला.

"कोण? आधीच्या कामांवर वीस वर्सं यांच्या मागं टोपलं घेऊन मी हुभी होती. यांनी ठोकलं का मले बी आयकू येत होतं."

"बाईनं पह्यलं पाऊल आत टाकू नाही, माय. गडी उतरणार नाहीत."

"नाही उतरले तर जिते राहतील."

तिने फकिराच्या कोपरीच्या खिशातून वातींची पुडी काढून कमरेला खोचली.

"उद्या छत मी वाजवणार. त्याच्या आधी सुधाकररावाच्या दारात जाऊन सांगणार, डोमाजीचं पक्कं खोडा, त्याले आयकू येत नाही. सुरुंग बंद होईस्तोर माह्याशिवाय या घरातलं कोणी भुयारात उतरणार नाही."