पडद्यावरचा सासरा

माझ्या अभिनयामुळे माझ्याच मुलाचं लग्न मोडायला आलं होतं. हे आता सांगितलं की लोक हसतात. तेव्हा मला मुळीच हसू आलं नव्हतं.

नव्वदच्या दशकात आम्ही लालबागची खोली सोडून वसई रोडला फ्लॅट घेतला. मी हौशी नाटकांतून सिनेमात आणि मग मालिकांत शिरलो, पण शिरलो तो उंबऱ्यापर्यंतच. कधी डॉक्टर, कधी वकील, बहुतेक वेळा इन्स्पेक्टर. खून झाल्यावर यायचं, टोपी काढायची, दोन वाक्यं बोलायची आणि घर गाठायचं. सोसायटीत कुणाला माझं नाव माहीत नव्हतं. 'टीव्हीत मधेच दिसतात ते' एवढीच ओळख. त्याची चीड यायची. पुढच्या प्रकारानंतर मात्र वाटलं, तेच बरं होतं.

दोन हजार साल उलटल्यावर एका रोजच्या हिंदी मालिकेत मला सासऱ्याचं काम मिळालं. सुनेला छळणारा, तिचं ताट ओढून घेणारा सासरा. काही महिन्यांतच वसईच्या बाजारात फिरणं नकोसं झालं. एक कोळीण पापलेट पिशवीत टाकता टाकता म्हणाली, "सुनेला पानी पन देत नाय, नी सोता पापलेट खातो?"

"अगं बाई, ते नाटक असतं."

"हो, हो. दिसतंय ना," असं म्हणून तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. दोघी माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या.

अशातच मुलानं घरी सांगितलं, की त्याच्या ऑफिसातल्या मुलीशी त्याला लग्न करायचंय. मुलगी वसईजवळच्या उमेळे गावची. घरची केळीची वाडी, माणसं साधी, खाऊनपिऊन सुखी. आम्ही दोघं नवराबायको मुलाला घेऊन त्यांच्याकडे गेलो. वडिलांनी आदरानं बसवलं, चहा आला, पण मुलीची आई स्वयंपाकघरातून बाहेर येईना. शेवटी ती दारात उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाली, "ह्या घरात पोर नाय देनार मी."

वडील ओशाळले. "अगो, मालिका हाय ती. खोटं असतं सगलं."

"खोटं असतं तर इतकं खरं कसं जमतं? आत असल्याबिगर येतं काय?"

अख्ख्या कारकिर्दीत माझ्या कामाला मिळालेली ही सर्वांत मोठी दाद, आणि ती मिळावी कुठे! मुलगा खाली मान घालून बसला होता. परतताना रिक्षात बायको एवढंच म्हणाली, "इन्स्पेक्टरच बरे होतात."

मी मालिकेच्या लेखकाला गाठलं. वयानं माझ्या मुलाएवढा. म्हटलं, माझ्या सासऱ्याला एखादा तरी मायेचा प्रसंग द्या. तो खूश होऊन म्हणाला, "अंकल, लोग गाली दे रहे हैं, मतलब हिट है!" आणि पुढच्याच आठवड्यात मला सुनेला घराबाहेर काढायला लावलं. टॅंकरच्या खोट्या पावसात ती भिजतेय आणि मी दार लावून घेतोय. तो भाग उमेळ्यात पाहिला गेला. मुलीच्या आईनं लग्नाचा विषय काढायलाही बंदी केली.

मग मुलीनंच शक्कल लढवली. आमचं काही दिवसांचं शूटिंग कळंबच्या किनाऱ्यावरच्या एका बंगल्यात होतं. ती आईला समुद्रावर जाऊ म्हणून घेऊन आली, ती थेट सेटवरच.

त्या दिवशी माझी नेहमीसारखीच अवस्था होती. सकाळपासून भरजरी शेरवानी घालून उन्हात एका उलट्या बादलीवर बसलो होतो, कारण खुर्च्या शॉटसाठी नेल्या होत्या. सुनेचं काम करणारी नटी तिच्या एसी व्हॅनमधून उतरेना. उतरली ती दुपारी, आणि आल्या आल्या सगळ्यांदेखत मला म्हणाली, की तुमची वाक्यं फार लांबतात, माझा वेळ जातो. मी 'हां जी' म्हटलं. काय म्हणणार? मालिका तिच्या नावावर चालत होती.

मुलीची आई हे सगळं बघत होती. तिनं पिशवीतून डबा काढला, भाकरी नि कोलंबीचं सुकं माझ्यापुढे ठेवलं. "खावा आधी," ती म्हणाली, "ही तर तुमालाच छळते." मग मी अडवायच्या आत नटीसमोर जाऊन उभी राहिली. "बाये, मोठ्या मानसाला असं ताटकळत ठेवतात काय? आयबापानं काय शिकवलं का नाय?"

नटीला मराठी कळत नव्हतं. ती गोड हसली. पण शेजारच्या मेकअपवाल्यानं कौतुकानं तिला शब्दन् शब्द समजावून सांगितला. ती फोन कानाला लावत तडक व्हॅनमध्ये परत गेली.

लग्न ठरलं. आणि साखरपुड्याच्या आधीच माझ्या सासऱ्याला हार्ट अटॅक आला. एका भागात मी जिना चढत होतो, दुसऱ्या भागात माझ्या फोटोला हार. मला कुणी फोन करूनही सांगितलं नाही.

लग्नात मांडवात उभा होतो, तर येणारा प्रत्येक पाहुणा हात मिळवताना विचारत होता, "तुम्ही गेलात ना हो?" मी म्हणायचो, "हो, गेलो." वैतागून एकदा विहीणबाईंना म्हटलं, "तुमच्यामुळे माझं काम गेलं, निदान ती मालिका तरी बघायची सोडा."

"ती कशी सोडू?" त्या म्हणाल्या. "सासरा मेला, आता तरी त्या बिचारीचं बरं चाललंय का, बघायला नको?"